आधी तळ, मग मासा: धरणाच्या पाण्यावर फिश फाइंडर कसा वाचायचा

फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेऊन पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूस पडद्यावर मासाच शोधतो. माशांची गोंडस चिन्हं उमटतात, गळ पडतो, तास-दोन तास जातात आणि मग यंत्राला शिव्या बसतात. यंत्र बहुतेक वेळा निर्दोष असतं. त्याचं मूळ काम पाण्याचा ठाव घेणं हे आहे, मासा त्यात ओघानं दिसतो. ज्याला तळ वाचता येतो, त्याला मासा कुठे असेल हे निम्मं आधीच कळलेलं असतं. म्हणून इथे खोलीवर जास्त जागा खर्च केली आहे.

एक गोष्ट होडी पाण्यात घालण्याआधीची. पुण्याभोवतीची बहुतेक धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत (मुळशी टाटा पॉवरचं) आणि बऱ्याच जलाशयांवर मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतो. खडकवासल्याच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) हद्द लागते. परवानगी आधी विचारा. धरणाची भिंत, सांडवा आणि वीजघराकडे पाणी ओढणारं तोंड यांच्या जवळपास जाऊ नका. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत टाकलेलं नको.

पडदा म्हणजे चित्र नव्हे

ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा पाण्याकडचा भाग, ध्वनीचा एक ठोका खाली सोडतो, तळावरून प्रतिध्वनी परत येतो आणि यंत्र मधला वेळ मोजतं. गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर जातो. म्हणजे १० मीटर खोल तळावरून परतायला साधारण १३ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक ठोक्याची एक उभी रेघ पडद्याच्या उजव्या काठावर उमटते आणि जुन्या रेघा डावीकडे सरकत जातात.

याचा अर्थ, आत्ता तुमच्या खाली जे आहे ते फक्त उजव्या काठावरच्या रेघेत असतं. बाकी सगळा पडदा म्हणजे झालं-गेलं. मध्यभागी दिसणारा मासा होडीच्या पुढेही नाही आणि बाजूलाही नाही, तुम्ही त्याच्यावरून केव्हाच निघून आला आहात. होडी उभी असेल तर डावीकडे दिसणारी 'जमीन' ही एकाच जागेची पुन्हा पुन्हा घेतलेली नोंद असते, जमिनीची लांबी नसते. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे गैरसमज तिथेच संपतात.

ध्वनी शंकूसारखा पसरत जातो. २०० किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीच्या ध्वनीचा शंकू साधारण २० अंशांचा असतो, तर दोन फ्रिक्वेन्सीच्या अनेक लहान यंत्रांत ८३ किलोहर्ट्झचा ६० अंशांच्या आसपास असतो. नेमका कोन तुमच्या ट्रान्सड्यूसरच्या माहितीपत्रकात बघा. २० अंशांना तळावरच्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एक तृतीयांश धरा, ६० अंशांना खोलीपेक्षा थोडा जास्त. म्हणजे ९ मीटर पाण्यात एक शंकू ३ मीटरचं वर्तुळ बघतो आणि दुसरा १० मीटरचं. रुंद शंकू मासा लवकर पकडतो, पण तळाबद्दल सर्रास खोटं बोलतो. ते कसं, हे पुढे येईल.

बसवताना

गावाकडच्या लाकडी होडीवर, फायबरच्या बोटीवर आणि ट्यूबच्या तराफ्यावर ट्रान्सड्यूसर एकाच रीतीनं बसत नाही.

मोटर असलेल्या बोटीला तो मागच्या फळीवर बसवतात. पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर दूर ठेवा. पंख्याची पाती ज्या बाजूला खाली जातात, ती बाजू निवडा, कारण तिकडे फेस कमी असतो. मागून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या पंख्याला ती उजवी बाजू. फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसरचा तळ बोटीच्या तळापेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली राहिला पाहिजे, ॲल्युमिनियमच्या बोटीत १० मिलिमीटर. वर राहिला तर बुडबुड्यांच्या पट्ट्यात सापडतो, फार खाली गेला तर स्वतःच पाणी उडवतो.

वल्ह्याची होडी किंवा तराफा असेल तर एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, खाली ट्रान्सड्यूसर आवळा आणि पाइप जी-क्लॅम्पनं कडेला धरा. पीव्हीसी पाइप उथळ पाण्यात, हळू वल्हवताना चालतो. वेग आला की तो मागे वाकतो आणि शंकू तिरका होतो. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली २० ते ३० सेंटिमीटर असू द्या आणि पाइपला एक सुरक्षादोरी बांधा. खुंटात अडकून पाइप निसटला तर यंत्राचा तो शेवटचा दिवस ठरू नये.

बोटीच्या आत चिकटवून, तळातून आरपार बघायची पद्धतही आहे. ती फक्त भरीव फायबरमध्ये चालते. लाकूड, फोम भरलेला दुहेरी तळ किंवा थर्माकोल यांत हवा असते आणि ध्वनी हवेच्या पातळ थरावरूनही माघारी फिरतो. याच कारणानं चिकटवायच्या इपॉक्सीत एकही बुडबुडा राहता कामा नये. नव्या ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर तेलकट थर असतो, त्याला बारीक बुडबुडे चिकटतात. पहिल्या दिवशी भांड्यांच्या साबणानं हलकं पुसून घ्या.

वीज १२ व्होल्ट. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. लहान यंत्र अर्ध्या अँपिअरच्या आसपास ओढतं, आणि बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असं ठरवलं तरी सहा-सात तास निघतात. फ्यूज धन तारेवर, बॅटरीच्या जवळ, माहितीपत्रकात सांगितलेल्या क्षमतेचा. बॅटरी, फ्यूज होल्डर, जलरोधक कनेक्टर हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. विजेवरची मोटर असेल तर तिची बॅटरी वेगळी ठेवा आणि दोन्हींच्या तारा शेजारून नेऊ नका. नाहीतर मोटर चालू केली रे केली की पडद्यावर पावसासारख्या रेघा पडायला लागतात.

खोलीवर विश्वास कधी ठेवायचा

यंत्र खोली ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून मोजतं, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. तोंड २५ सेंटिमीटर खाली असेल तर सेटिंगमधल्या 'कील ऑफसेट'मध्ये अधिक ०.२५ मीटर भरा. पाण्याचा प्रकार 'गोडं' निवडा. 'खारं' राहिलं तर यंत्र ध्वनीचा वेग जास्त धरतं आणि २० मीटरला पाव ते अर्धा मीटर चूक सहज येते. तापमानाचाही थोडा हिशेब असतो. २० अंशांच्या पाण्यात ध्वनी १,४८२ मीटरनं जातो. यंत्र सरसकट १,५०० धरत असेल तर खऱ्या २० मीटरला ते २० मीटर २४ सेंटिमीटर दाखवेल. गळ टाकणाऱ्याला याचं काही नाही, पण गाळ मोजणाऱ्याला आहे.

मग पडताळा घ्या. वाऱ्याविना सकाळी, सपाट तळावर, ५ मीटरच्या आसपास. मीटरच्या खुणा केलेली साखळी किंवा फायबरची मेजर टेप घ्या. नायलॉनची दोरी ताणली जाते, तिच्यावर विसंबू नका. टोकाला एक किलोचं सपाट बुडाचं वजन जाळीच्या पिशवीत बांधा. गवंड्याचा ओळंबा इथे मुद्दाम टाळायचा, कारण त्याचं टोक गाळात रुततं आणि टेप जास्त खोली सांगते, तर २०० किलोहर्ट्झचं यंत्र गाळाचा वरचा थर दाखवतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात आणि माणूस उगाच ऑफसेट बदलत बसतो.

अधिक काटेकोर पडताळा हवा असेल तर ४० सेंटिमीटरचा सपाट लोखंडी पत्रा चार कोपऱ्यांना साखळ्या बांधून ट्रान्सड्यूसरखाली आडवा सोडा, आधी २ मीटरवर, मग ४ वर. पडद्यावर तळाच्या वर एक ठसठशीत आडवी रेघ येते. तिची खोली साखळीशी जुळली पाहिजे. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर ऑफसेट चुकलाय. खोलीबरोबर फरक वाढत असेल तर ध्वनीचा वेग. पत्रा तिरका झाला तर प्रतिध्वनी भलतीकडे जातो आणि रेघ नाहीशी होते, तेव्हा साखळ्यांची लांबी आधी जमिनीवर जुळवून घ्या.

आता उतार. पानशेत, वरसगाव, मुळशी ही डोंगरांमधली धरणं, काठ सरळ खाली उतरतात. यंत्र शंकूतल्या सगळ्यात जवळच्या तळाचा प्रतिध्वनी आधी ऐकतं आणि उतारावर जवळचा तळ होडीखाली नसून वरच्या अंगाला असतो. ३० अंशांच्या उतारावर होडीखाली खरं १५ मीटर पाणी असताना २० अंशांचा शंकू साधारण १३.८ मीटर सांगतो आणि ६० अंशांचा १३ मीटर. दोन मीटर पाणी कागदावरून गायब. उतारावर नेहमी अरुंद शंकू वापरा.

खड्ड्याचं तर आणखी वाईट. उजनीच्या पाण्याखाली शेतं, बांध, विहिरी गेल्या आहेत. ८ मीटर पाण्याखाली ५ मीटर व्यासाची विहीर असेल तर २० अंशांचा शंकू तळावर २.८ मीटरचा असतो, तो विहिरीच्या तोंडात मावतो आणि तळ एकदम खाली गेलेला दिसतो. ६० अंशांचा शंकू ९ मीटरचा होतो. विहिरीचा काठ त्याला आधी ऐकू येतो आणि विहीर पडद्यावर उमटतच नाही. तुम्ही तिच्या बरोबर वर उभे असता आणि यंत्र सपाट शेत दाखवतं.

तळ कशाचा आहे

ऑटो रेंज बंद करा, म्हणजे पडद्यानं किती खोलीपर्यंत दाखवायचं ते हातानं ठरवा. तळ ६ मीटरवर असेल तर रेंज १५ मीटर ठेवा. आता १२ मीटरवर तळाची दुसरी, फिकी प्रत दिसते का बघा. ध्वनी तळावरून वर येतो, पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि परततो, त्याची ही रेघ. कातळ, मुरूम, दगडी बांध यांवर ती स्पष्ट दिसते, मऊ गाळावर येत नाही. रंगांच्या पडद्यावर कातळाची पहिली रेघही भडक असते, गाळाची मंद. ८३ किलोहर्ट्झवर गाळाखालच्या घट्ट जमिनीची दुसरी रेघ कधीकधी हात-दोन हात खाली दिसते. तिथे गाळ किती साचलाय त्याचा अंदाज येतो.

मऊ ते घट्ट असा बदल जिथे होतो ती रेषा लक्षात ठेवा. मासे अशा कडेनं फिरतात: जुन्या नदीपात्राचा काठ, बुडालेला रस्ता, बांधाचा उतार, बाभळीची खुंटं. खुंटं पडद्यावर तळाला चिकटलेल्या उभ्या काटक्यांसारखी दिसतात. जाळं टाकणाऱ्यांना ती माशांइतकीच कळायला हवीत, जाळं फाटतं ते तिथेच.

सेटिंग: कमी हात लावा, पण योग्य जागी

'फिश आयडी' बंद करा. ती सोय तळाच्या वरच्या प्रत्येक ठिपक्याला माशाचं रूप देते, मग तो पालापाचोळा असो की बुडबुडा.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक प्रतिध्वनी पडद्यावर आणायचा ते, हातानं लावा. पाण्यात सगळीकडे बारीक रवा दिसेपर्यंत वाढवा, मग रवा नुकताच निघेपर्यंत एक-दोन टप्पे खाली आणा. गढूळ, शेवाळी पाण्यात, म्हणजे उजनीत बहुतेक वेळ, थोडा रवा राहू द्यावा लागतो. तो पूर्ण घालवला की मासेही जातात. रेंज तळाच्या दीडपट. पडद्याचा सरकण्याचा वेग होडीच्या वेगाशी मिळता ठेवा, उभ्या होडीवर तो कमी करा. उथळ पाण्यात ठोक्यांचा वेग कमाल ठेवला तर आधीच्या ठोक्याचा प्रतिध्वनी पुढच्या ठोक्यात मिसळतो आणि मधोमध भुताचा तळ दिसतो. वेग एक टप्पा कमी केला की भूत जातं.

मासा कसा दिसतो

माशाच्या शरीरातून येणाऱ्या प्रतिध्वनीचा बहुतांश भाग त्याच्या हवेच्या पिशवीवरून येतो. मासा शंकूच्या कडेतून आत येतो तेव्हा लांब असतो, मधोमध येतो तेव्हा सगळ्यात जवळ, मग पुन्हा लांब जातो. म्हणून कमान उमटते. पण 'कमान दिसली तरच मासा' हा नियम करून घेतला तर पुण्याच्या उथळ पाण्यात बरेच मासे हातचे जातील. ६ मीटरवरचा मासा २० अंशांच्या शंकूच्या कडेला असताना यंत्रापासून ६.०९ मीटर असतो. मध्य आणि कड यांत फरक ९ सेंटिमीटरचा. ४८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर २० मीटर रेंज असेल तर एक पिक्सेल म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर, त्यामुळे ती कमान दोन पिक्सेल उंच. ती कमान नाही, जवळजवळ आडवी रेघ. ६० अंशांच्या शंकूत तोच फरक ९३ सेंटिमीटर होतो आणि झकास कमान दिसते. मासा तोच.

कमानीची लांबी म्हणजे माशाची लांबी, हा दुसरा गैरसमज. त्याच ६ मीटरवर शंकू २.१ मीटर रुंद असतो. ताशी ४ किलोमीटरनं तो ओलांडायला दोन सेकंद लागतात, ताशी १२ ला पाऊण सेकंदही नाही. पहिली कमान लांब दिसते, दुसरी ठिपका. होडी थांबली तर खाली उभा असलेला मासा पडदाभर लांब रेघ काढतो. आकाराचा अंदाज घ्यायचा तर रेघेची जाडी आणि रंगाचा भडकपणा बघा. तोही अंदाजच. आणि एकसारख्या अर्ध्या कमानी सतत दिसू लागल्या तर सगळे मासे शिस्तीत कडेनंच जात आहेत असं समजू नका, ट्रान्सड्यूसर तिरका झालाय. मोबाइलमधली लेव्हल लावून पाइप सरळ करा.

बुडबुडे फसवतात. सेंद्रिय गाळातून वायू सुटतो आणि बुडबुडा सेकंदाला २० ते ३० सेंटिमीटरनं वर येतो. पडद्यावर तो तळापासून उजवीकडे चढत जाणारी बारीक तिरकी रेघ काढतो. तळातून निघून पृष्ठभागापर्यंत एकाच चालीनं जाणारी रेघ मासा नसते. तुमचंच वजन खाली सोडलं तर उलट, उजवीकडे उतरणारी रेघ दिसते. ते मुद्दाम करून बघा, डोळा लवकर तयार होतो.

यंत्राला न दिसणारे मासेही आहेत. वरचा अर्धा ते दीड मीटर थर ट्रान्सड्यूसरच्या स्वतःच्या थरथरीनं आणि लाटांच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो. कटला वरच्या थरात चरतो, होडीखालून तो बाजूलाही होतो, म्हणून पडद्यावर फारसा येत नाही. मरळ काठच्या गवतात असतो, तिथे यंत्र घेऊन जाण्यात अर्थच नाही. रोहू मधल्या थरातला, त्याला बघायला हे यंत्र बरं. मृगळ तळाशी असतो आणि शंकूच्या कडेला असलेला तळाजवळचा मासा तळाच्याच रेघेत बुडून जातो. २० अंशांना १० मीटरवर हा आंधळा थर जेमतेम १५ सेंटिमीटरचा असतो, ६० अंशांना दीड मीटरचा. मृगळ शोधायचा तर अरुंद शंकू आणि तळाचा झूम, दुसरा मार्ग नाही.

मार्च ते मे या काळात खोल धरणांत मधेच एक पुसट, सलग पट्टा दिसू शकतो. वरचं गरम आणि खालचं गार पाणी यांची ती सीमा. खालच्या पाण्यात प्राणवायू कमी होत जातो, म्हणून मासे बहुधा त्या पट्ट्यावर किंवा वर राहतात. पट्टा १२ मीटरवर असेल तर २५ मीटरवर गळ सोडण्यात दम नाही.

बिघाड की गैरसमज

वेगात गेल्यावर तळ हरवतो: ट्रान्सड्यूसर फेसात आहे, थोडा खाली घ्या किंवा पंख्यापासून हलवा. उभं असतानाही हरवतो: तोंडावर जलपर्णीचं मूळ किंवा पिशवी अडकली असेल, आधी हात घालून बघा. खोली अचानक दुप्पट दिसते: ऑटो रेंजनं दुसरी प्रत तळ म्हणून धरली, रेंज हातानं लावा. शेजारच्या होडीवर यंत्र चालू झाल्यावर तिरके ठिपके येतात: तिची फ्रिक्वेन्सी तीच आहे, एकानं बदला. पडदा अंधुक होऊन बंद पडतो: बॅटरी किंवा गंजलेलं कनेक्टर. काठावरून फेकायचा वायफायचा गोळा असेल तर तो पाण्यावर तरंगत असतानाच मोबाइलशी बोलतो. लाटेनं किंवा ओढीनं पाण्याखाली गेला की संपर्क तुटतो, म्हणून सावकाश ओढा.

नोंद ठेवायची तर

आजची खोली उद्याची नसते. खडकवासल्यात उपयुक्त साठा जेमतेम १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), वरून पानशेत-वरसगावचं पाणी येणार आणि कालव्याला जाणार, त्यामुळे पातळी भराभर हलते. वहीत 'इथे ९.४ मीटर' लिहिण्यापेक्षा त्या दिवशीची धरणाची जलपातळी घ्या, ती रोज जाहीर होते, आणि तिच्यातून खोली वजा करा. समजा पातळी ५८०.०० मीटर, खोली ९.४, तर तळाची उंची ५७०.६. हा आकडा गाळ साचेपर्यंत बदलत नाही. पुढच्या खेपेला त्या दिवसाच्या पातळीतून तो वजा केला की खोली मिळते. जुन्या नदीपात्राला आडव्या, २५ ते ५० मीटर अंतरानं समांतर फेऱ्या मारा, ताशी ४-५ किलोमीटरनं, आणि प्रत्येक फेरीची जीपीएस नोंद ठेवा. पात्राला समांतर फिरलात तर काठच हुकतो.

उजनीवाल्यांना आणखी एक सोय आहे. ११७ टीएमसीच्या या धरणात ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा (उपयुक्त साठ्याखालचं तळाचं पाणी) आहे, म्हणजे बातमीत 'उजनी मायनसमध्ये' आली तरी जुन्या भीमेच्या पात्रात भरपूर पाणी असतं, पण कडेचा तळ मैलोन्‌मैल उघडा पडतो. पळसदेवचं जुनं मंदिरही तेव्हाच वर येतं. अशा वेळी होडी ठेवून पायी फिरा. विहिरी, बांध, खुंटं, रस्त्याचे कठडे यांच्या जागा मोबाइलच्या जीपीएसमध्ये टिपा, फोटो काढा. भेगा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो, काठीनं चाचपून पाय टाका. दिवाळीनंतर त्याच जागांवरून होडी न्या आणि पडद्यावर विहीर कशी दिसते, बांध कसा, खुंट कसा, ते फोटोशी जुळवून पाहा.